रस्त्यावरचा फिरता खेळ : गोल जमवणं, धरून ठेवणं आणि टोपी फिरवणं

रिंगणवाला

रंगमंचावर आठ-दहा मिनिटांचा आयटम करणारे बरेच कलाकार आता रस्त्यावरच्या महोत्सवांकडे वळत आहेत. जगलिंग (वस्तू फेकून झेलणं), एकचाकी, जादू, साखळ्यांतून सुटका, सगळ्याच प्रकारचे. प्रश्न तेच तेच येतात आणि उत्तरं दहा धाग्यांवर विखुरलेली आहेत, म्हणून हा एकच धागा काढतोय. किस्से आणि आठवणी कृपया दुसरीकडे लिहा. इथे मापं, वेळा, वजनं, काय बिघडतं आणि का बिघडतं, एवढंच राहू दे.

नाट्यगृहातला प्रेक्षक तिकीट काढून आलेला असतो, कंटाळला तरी बसून राहतो. रस्त्यावरचा माणूस कुठल्याही क्षणी निघून जाऊ शकतो आणि पैसे द्यायचे की नाही हे सगळं बघून झाल्यावर ठरवतो. बाकी सगळं या एका अटीतून येतं. म्हणून करामती वाढवण्याआधी गोल, म्हणजे प्रेक्षकांचं कडं, बांधायला शिका. मर्राकेशच्या जेमा एल-फ्ना चौकाला युनेस्कोने २००१ मध्ये मौखिक वारसा म्हणून मान्यता दिली. तिथे कथेकरी असो वा कसरतपटू, खेळ होतो तो माणसांच्या कड्याच्या आतच.

जागा निवडताना चालण्याची वाट जिथे रुंदावते आणि लोकांचा वेग आपोआप कमी होतो, तिथे बघा. बसथांबा, सिग्नल आणि कारंजं टाळा. पहिल्या दोन ठिकाणी लोक अर्ध्यात निघतात आणि कारंज्याचा आवाज शब्द खातो. पाठीमागे भिंत किंवा पुतळ्याचा चौथरा असावा. मागे मोकळी वर्दळ असेल तर प्रेक्षकांचं लक्ष सतत पाठीमागच्या माणसांकडे जातं, शिवाय सामानावर नजर ठेवता येत नाही. जमीन आपल्याकडे किंचित उतरती असेल तर उत्तम, कारण मागच्या रांगा आपोआप वर येतात. ऊन बाजूने घ्या. प्रेक्षकांच्या डोळ्यांवर आलं तर ते दहा मिनिटांत पांगतात, आपल्या डोळ्यांवर आलं तर वर फेकलेली वस्तू दिसेनाशी होते.

आता माप. आतली त्रिज्या ४ मीटर धरून अर्धगोल बसवला तर पहिली रांग साधारण साडेबारा मीटर लांब होते. एका माणसाला अर्धा मीटर लागतो, म्हणजे २५ माणसं. मागची प्रत्येक रांग ७० सेंटिमीटरवर उभी राहते आणि तिच्यात चारेक माणसं जास्त मावतात. पाच रांगांचे झाले १७० च्या आसपास. तोच गोल पाऊण केला तर अडीचशे. त्रिज्या ६ मीटर ठेवली तर हिशेबाने जास्त माणसं मावतात, पण सुरुवातीच्या तीस माणसांत गोल रिकामा दिसतो, आणि रिकाम्या गोलापाशी कुणी थांबत नाही. लहान सुरू करा. मोठा करायचा तर मध्यावर सगळ्यांना एक पाऊल मागे घ्या.

पहिल्या दोन रांगा बसवाच. उभ्या माणसांच्या तिसऱ्या रांगेतून पावणेदोन मीटरच्या खालचं काही दिसत नाही. तुमचं टेबल पाऊण मीटर उंच असेल तर तिसऱ्या रांगेपासून मागच्यांसाठी खेळ संपलेलाच आहे, आणि ते निघाले की त्यांच्या मागे येऊ पाहणारेही थांबत नाहीत.

चाळीस मिनिटांची साधारण वाटणी अशी : गर्दी जमवणं ५ ते ८ मिनिटं, ओळख आणि पहिली करामत ५, स्वयंसेवकाबरोबरचा मधला भाग १० ते १२, दुसरी करामत ५, टोपीचं भाषण (टोपीत पैसे टाकायला सांगण्याचं) ३, शेवटची करामत ५. उरलेला वेळ टोपीसाठी.

चौकातली_ताई

रिंगणवालादादा, जमवण्याचा भाग जरा सविस्तर लिहायला हवा होता. नवीन मुलं तिथेच अडतात. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना उद्देशून ओरडत बसतात आणि कुणीच थांबत नाही.

सगळ्यांना बोलवू नका. तीन-चार माणसांना थांबवा, कुठे उभं राहायचं ते हाताने दाखवा, आणि खेळ फक्त त्यांच्यासाठी सुरू आहे असं वागा. थांबलेली माणसं बघून पुढची थांबतात. त्या चौघांना आधी टाळी शिकवा. "मी हात वर केला की जोरात" एवढं सांगून दोन वेळा सराव घ्या. चार माणसांची मोठी टाळी कोपऱ्यापलीकडे ऐकू जाते आणि तिकडचे लोक काय चाललंय ते बघायला येतात.

या काळात चांगली करामत खर्च करू नका. हात कशात तरी गुंतलेले असावेत आणि ते काम अर्धवट दिसावं : दोरी अंथरणं, एकचाकीचं वरचं नळकांडं बसवणं, क्लब (फेकायचे लांबट दांडके) एकेक करून बाहेर काढणं. माणूस अपुऱ्या गोष्टीपाशी रेंगाळतो. पूर्ण झालेली करामत बघितली की "झालं" म्हणून पुढे जातो.

आणि लोक भिंतीला टेकून ८–१० मीटरवर उभे राहतात, त्यांना सुरुवातीलाच पुढे आणा. "तीन पावलं पुढे या" असं आकडा सांगून म्हटलं की येतात, नुसतं "पुढे या" म्हटलं की एकमेकांकडे बघत राहतात. ती पोकळी तशीच राहिली तर वाटसरू मधूनच चालत जातात, आणि एक गेला की त्याच्या मागे रांग लागते.

तीन_क्लब

करामतींच्या निवडीबद्दल. पाच चेंडू शिकायला वर्षं जातात. वीस पावलांवरच्या माणसाला मात्र तीन चेंडू आणि पाच चेंडू यांतला फरक फारसा कळत नाही. आकार कळतो, उंची कळते, धोका कळतो. सरावाचा ६५–७० मिलिमीटरचा, १२० ग्रॅमच्या आसपासचा चेंडू मागच्या रांगेला दिसतच नाही. रस्त्यासाठी १० सेंटिमीटरचा घ्या. साधारण ५२ सेंटिमीटर लांबीचे, २००–२५० ग्रॅमचे क्लब हे रस्त्यावरचं खरं हत्यार. फिरतात म्हणून दिसतात, आणि वजन असल्याने वाऱ्यात टिकतात. रिंगा सभागृहासाठी ठेवा. हलक्या वाऱ्यातही त्या तिरक्या होऊन हाताबाहेर जातात.

वाऱ्यात फेक खाली आणावी लागते, आणि त्याची किंमत मोजावी लागते. १ सेकंद हवेत राहायला वस्तू सुमारे १.२ मीटर वर जावी लागते. वेळ निम्मा केला तर उंची पावपट होते. वेळ घटला की हातांना तेवढाच वेग वाढवावा लागतो. क्लॉड शॅनन यांनी जगलिंगसाठी मांडलेलं समीकरण नेमकं हेच सांगतं : हवेतला वेळ, हातातला वेळ आणि रिकाम्या हाताचा वेळ एकमेकांना बांधलेले आहेत, एक कमी केला की दुसऱ्यावर ताण येतो. म्हणून वाऱ्याच्या जागी पाच क्लबांचा हट्ट धरू नका. तीन क्लब, त्यांत ५३१ सारखी वेगवेगळ्या उंचीच्या फेकींची रचना, आणि मधे एक पाठीमागून फेक, एवढ्यावर गोल धरता येतो.

वस्तू पडणार हे धरूनच चाला. पडली की काय बोलायचं ती दोन-तीन वाक्यं पाठ हवीत. न बोलता वाकून उचललं की लोकांना चूक दिसते. वाक्य बोलून, तीच वस्तू पायाने उचलून थेट फेकीत घेतली तर तोच भाग टाळी मिळवून देतो. पायाने क्लब उचलणं एरवीही शिकून ठेवावं, दिवसभर वाकून कंबर जाते.

पेला_आणि_गोळी

जादूवाल्यांसाठी दोन शब्द. कृती इथे कुणी उघड करू नये ही विनंती आहेच, म्हणून फक्त मांडणीबद्दल लिहितो.

टेबल छातीच्या जरा खाली, जमिनीपासून १ मीटर ते १ मीटर १० सेंटिमीटर. रंगमंचाचं टेबल याहून ठेंगणं असतं, ते तसंच उचलून आणू नका. टेबलाचे पाय तीन असावेत. फरसबंदीवर चार पायांचं टेबल डगमगतं, तिपाई डगमगत नाही. वरचं कापड चारी बाजूंनी शिवलेलं किंवा चिमट्यांनी धरलेलं असावं, वाऱ्याने कोपरा उलटला की खेळ तिथेच संपतो. खाली पिशवीत दोन-तीन किलो वजन लटकवा.

पूर्ण गोल जादूला चालत नाही. दोन्ही बाजूंना मिळून १६० अंशांपर्यंतच प्रेक्षक ठेवा आणि बाजूंच्या टोकांना सामानाची पेटी नि ध्वनीचं खोकं (स्पीकर) आडवं लावा. "इथे उभे राहू नका" असं सांगावं लागलं की संशय तयार होतो. पेटी असली की कुणी उभंच राहत नाही. पत्ते वाऱ्यात नकोतच. पेले-गोळ्या, दोरी, मोठ्या लोखंडी कड्या हे मागपर्यंत दिसतं, आणि घामाने त्यांचं काही बिघडत नाही.

एका गोष्टीत मात्र मी चौकातली_ताई यांच्याशी सहमत नाही. दोरी अंथरणं गर्दी जमवताना ठीक आहे, पण लोकांना ती हद्द वाटते आणि ते तिच्याही मागे मीटरभर उभे राहतात. जादूसाठी एवढं अंतर परवडत नाही.

रिंगणवाला

दोरी मापाबाहेर टाकली तरच असं होतं. पहिली रांग जिथे हवी, तिथून अर्धा मीटर आत दोरी टाका आणि "बूट दोरीला टेकवा" असं सांगा. मुलं लगेच टेकवतात, मोठी माणसं मुलांच्या मागे येतात. सुती, बोटाएवढी जाड, ८ ते १० मीटर. नायलॉनची दोरी हलकी असते, पायात अडकून सरकत जाते. टेबलाच्या जादूला दोरीशिवाय चालेल, हे मान्य. क्लब आणि मशालींना दोरी हवीच. तिथे ती सजावट राहत नाही, सुरक्षिततेची रेघ असते.

दुकानाचं दार, चालण्याच्या वाटेचे दोन मीटर आणि रुग्णवाहिकेला लागेल एवढी रुंदी मोकळी ठेवा. तक्रार बहुतेक वेळा आवाजाची किंवा अडवलेल्या दाराची असते, खेळाची नसते. पोलीस किंवा जागेचा कर्मचारी आला तर वाक्य अर्धवट सोडून त्यांच्याशी बोला. प्रेक्षकांना त्यांच्याविरुद्ध भडकवणारा कलाकार ती जागा सगळ्यांसाठीच बंद करतो.

ध्वनीमित्र

आवाजाबद्दल कुणीच लिहिलं नाही. दिवसाला तीन-चार खेळ उघड्या घशाने केले तर आठवड्यात आवाज बसतो. पन्नास माणसांपर्यंत माइक नको. त्यापुढे हवा.

अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने घटतो. २ मीटरवरून ८ मीटरवर जाताना १२ डेसिबल गेले. खोकं जमिनीवर ठेवलं तर पहिल्या रांगेचे कान बधिर होतात आणि शेवटच्या रांगेला काही कळत नाही, कारण मधली माणसं आवाज शोषतात. खोकं स्टँडवर, डोक्यांच्या वर, म्हणजे १.८ ते २ मीटरवर न्या. मग पुढच्या-मागच्या रांगांमधला फरक बराच कमी होतो आणि एकूण आवाजही कमी ठेवता येतो. स्टँडच्या पायावर पाण्याची पिशवी टांगा.

खोकं तुमच्या पुढे आणि बाजूला असावं. तुम्ही त्याच्यासमोर गेलात की शिट्टी वाजणार. १२० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाका, बोलण्याला त्याची गरज नाही आणि वाऱ्याचा घरघराट तिथेच असतो. डोक्यावरच्या माइकला स्पंज लावा आणि वायरला कानामागे एक छोटा वळसा द्या, म्हणजे घामाचा थेंब वळशावरून खाली पडतो, कॅप्सूलपर्यंत (आवाज टिपणाऱ्या भागापर्यंत) पोचत नाही. माइक खराब होण्याचं नेहमीचं कारण घाम असतं. दोन स्पंज आणि एक जास्तीची वायर कायम सोबत ठेवा.

२.४ गिगाहर्ट्झचा वायरलेस घेतला तर प्रेक्षकांच्या फोनची वायफायही त्याच पट्ट्यात असते, आणि माणसांची शरीरं ही लहर शोषतात. रिसीव्हर खोक्यामागे लपवू नका, स्टँडवर वर बांधा. यूएचएफ, म्हणजे याहून कमी वारंवारतेचा वायरलेस, जास्त भरवशाचा आहे, पण कुठली वारंवारता वापरायला मुभा आहे ते देशागणिक बदलतं. फिरस्त्यांनी हे आधी तपासावं.

बॅटरी : १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची शिशाची बॅटरी म्हणजे कागदावर ८४ वॉट-तास, पण निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं. तेवढ्याच क्षमतेची लिथियम-लोह-फॉस्फेट ९० वॉट-तासांच्या आसपास देते, जवळपास पूर्ण वापरता येते आणि वजनाला निम्म्याहून हलकी असते.

नवा_भिडू

छान माहिती. उंच एकचाकी शेवटच्या करामतीसाठी घ्यायची आहे. किती उंच घ्यावी आणि लोकांना मदतीला कसं घ्यावं?

उंच_चाक

१.५ मीटर पुरे. खोगीर १.५ वर आलं की डोकं अडीच मीटरच्या आसपास जातं आणि शेवटच्या रांगेला तुम्ही पूर्ण दिसता. १.८ मीटरवाली थोडी अधिक प्रभावी दिसते, पण वजन वाढतं, बॅगेत मावत नाही आणि उडी मारून उतरताना गुडघ्यांना धक्का जास्त बसतो. दिवसाला चार खेळ असतील तर हा धक्का मोजा.

प्रत्येक खेळाआधी बघायचं : साखळीचा ताण (मधोमध दाबली तर सेंटिमीटरभर हलावी, त्याहून जास्त नको), क्रँकचे (पेडल बसवलेल्या दांड्यांचे) नट, खोगिराचा दांडा आणि पेडल. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. प्रवासानंतर जोडताना डावी-उजवी बाजू बदलली गेली, तर चालवता चालवता दोन्ही पेडल सैल होत जातात आणि निसटतात, आट्यांची माती होते ती वेगळीच. क्रँकवर ड आणि उ रंगाने लिहून टाका.

मदतनीस दोन हवेत, एका उंचीचे, स्थिर उभे राहणारे. पहिला हात वर करणारा बहुधा स्वतः करामत करायला आलेला असतो, त्याला घेऊ नका. जो हसतोय, टाळ्या वाजवतोय आणि नजर मिळाली की चुकवत नाही, तो बरा. प्यायलेला माणूस, उंच टाचांचे बूट, कडेवर मूल, पाठीचा पट्टा, हे बघून घ्या. नाव विचारा, हात धरण्याआधी परवानगी घ्या, काय करायचं ते एका वाक्यात सांगा : "दोन्ही हातांनी हा दांडा धरा आणि मी 'सोडा' म्हणेपर्यंत सोडू नका." पडायची वेळ आली तर पुढच्या बाजूला उतरायचं, म्हणून समोरचे तीन मीटर मोकळे हवेत आणि तुम्ही चढलात की मदतनीस मागे गेलेले असावेत.

मदतनिसाला हास्यास्पद करून मिळणारा हशा महागात पडतो. सगळा गोल त्याच्या जागी स्वतःला बघत असतो. त्याला टाळी मिळवून द्या आणि जागेवर सोडून या. लहान मूल घ्यायचं असेल तर आई-वडिलांना सगळ्यांदेखत विचारा आणि मुलाला कधीही उचलून घेऊ नका.

टोपीखालचा

आता मुख्य विषय. टोपीचं भाषण शेवटच्या करामतीच्या आधी, आणि तेही ती करामत डोळ्यांसमोर तयार असताना. मशाली तेलात बुडवून उभ्या आहेत, एकचाकी आडवी धरलेली आहे, लोकांना काय होणार ते कळलंय, आणि तेव्हा तीन मिनिटं थांबायचं. करामत झाल्यावर भाषण सुरू केलं तर पहिल्या वाक्याला मागच्या दोन रांगा वळलेल्या असतात.

भाषणात चार गोष्टी यायला हव्यात : हा माझा व्यवसाय आहे, याला तिकीट नाही, किती द्यावं, आणि देता येत नसेल तर काय. आकडा सांगायला लाजू नका. लोकांना खरंच माहीत नसतं किती द्यायचं, आणि माहीत नसलं की ते खिशातली नाणी देतात. त्या देशातली कुठली कागदी नोट योग्य, ते स्पष्ट सांगा, "कुटुंबाला एक" असंही म्हणा. नमुना :

"मंडळी, शेवटची करामत आता होईल. त्याआधी एक गोष्ट. तुम्ही अर्धा तास उन्हात उभे राहिलात, त्याबद्दल मनापासून आभार. याला तिकीट नव्हतं, कारण ज्याला परवडत नाही त्यालाही बघता यावं. ही टोपी हाच माझा पगार आहे. आवडलं असेल तर घडी होणारी नोट टाका. आज जमत नसेल तर काही हरकत नाही, येऊन हात मिळवा आणि जा."

शेवटचं वाक्य गाळू नका. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो शरमेने आधीच निघतो, आणि तो निघाला की शेजारचे तिघं निघतात. गोल फुटतो तो असा.

करामत संपली की टाळी चालू असतानाच टोपी हातात हवी. वाकून शोधायची वेळ आली तर पहिली वीस-तीस माणसं गेली. एकटे असाल तर सर्वात जास्त लोक ज्या वाटेने बाहेर पडणार तिथे जाऊन उभे राहा. सोबत कुणी असेल तर तो मागच्या बाजूला दुसरी टोपी घेऊन फिरेल, तुम्ही मधे थांबा. लोकांना कलाकाराच्याच हातात द्यायचं असतं. टोपीत आधीपासून एक-दोन नोटा असू द्या. नाण्यांचा ढीग साचला की मधेच काढून ठेवा, कारण भरलेली टोपी बघून हात आखडतो.

पेला_आणि_गोळी

टोपीखालचा यांच्या तीन मिनिटांवर आक्षेप. जादूच्या खेळात एवढं थांबलं की ताण उतरतो. दीड मिनिट कमाल, आणि पैशाचा पहिला उल्लेख खेळाच्या मध्यावर, हलकेच. मग शेवटी नव्याने समजावावं लागत नाही.

टोपीखालचा

मध्यावर एक वाक्य पेरणं योग्यच. वेळेचा मुद्दा करामतीवर अवलंबून आहे. आग किंवा उंची समोर असेल तर तीन मिनिटं निघतात, टेबलावरच्या खेळाला दीडच घ्या.

रोख नसलेल्यांसाठी क्यूआर कोड. मापाचा सोपा नियम : स्कॅन करण्याच्या अंतराच्या एक दशांश. २ मीटरवरून चालायला हवा तर कोड २० सेंटिमीटरचा. चकचकीत लॅमिनेशन करू नका, उन्हात चमकतं आणि कॅमेऱ्याला वाचता येत नाही. मॅट कागद किंवा कापडावर छापा. फोन काढून, उघडून, रक्कम घालून पैसे जायला वेळ लागतो, तेवढ्यात गर्दी पांगते. म्हणून कोड भाषणाच्या वेळीच वर धरा आणि "आत्ताच काढून ठेवा" म्हणा. एक कोड टोपीवर, एक पेटीवर, एक मदतनिसाच्या पाठीवर. पैसे कुणाच्या नावावर जातात ते नाव स्क्रीनवर दिसतं, ते रंगमंचावरच्या नावापेक्षा वेगळं असेल तर आधी सांगा, नाहीतर लोक मधेच थांबतात. आणि दररोज सकाळी स्वतःच्या फोनने तपासा : कोडावर कुणी दुसऱ्याचं स्टिकर चिकटवलेलं नाही ना.

मशालजी

आग घेणाऱ्यांनी हे वाचावं, अर्धवट नको.

इंधन : रॉकेलजातीचं, ज्याचा ज्वलनबिंदू (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते तो) ३८ अंश सेल्सिअसच्या वर आहे असं. पेट्रोल कधीही नाही. त्याची वाफ शून्याखाली ४० अंशांनाही पेट घेते, म्हणजे मशाल पेटवताना हवाच पेटते. मशाल बुडवा, निथळू द्या, मग रिकाम्या डब्यात जोराने झटका. हे झटकणं टाळलं की पहिल्या फेकीला जळते थेंब पहिल्या रांगेत जातात. आगीच्या बहुतेक अपघातांचं मूळ इथेच असतं. नीट झटकलेली मशाल तीन ते चार मिनिटं जळते, करामत त्यात बसवा.

इंधनाचा डबा घट्ट झाकणाचा, धातूचा, पेटवण्याच्या जागेपासून आणि प्रेक्षकांपासून किमान ५ मीटर लांब, आणि त्याच्यापाशी एक माणूस. एकटे असाल तर आग नको, यात तडजोड नाही. त्या माणसाकडे साधनं विझवायला ओलसर जाड सुती टॉवेल, कपड्यांसाठी आग विझवायचं ब्लँकेट, आणि अग्निशामक. अंगावर सुती कपडे. सिंथेटिक कापड वितळून कातडीला चिकटतं. केस बांधलेले. वारा असेल तर ज्योत हातावर वळते, अशा दिवशी चाकू किंवा एकचाकीवर खेळ संपवा. असा पर्यायी शेवट प्रत्येकाकडे तयार हवा.

खेळानंतर मशाली दहा-पंधरा मिनिटं तरी पेटीत टाकू नका, नळीतले स्क्रू तापलेले असतात.

तोंडातून आगीचा लोळ काढण्याबद्दल सारखं विचारलं जातं. शिकू नका. इंधनाचा अंश श्वासाबरोबर फुप्फुसात गेला तर रासायनिक न्यूमोनिया होतो, आणि वैद्यकशास्त्रात तो आग खाणाऱ्या कलाकारांच्याच नावाने ओळखला जातो इतका तो या कामाशी जोडलेला आहे. तीन पेटत्या मशाली फेकून तेवढीच टाळी मिळते.

पाठीवर_बिऱ्हाड

प्रवासाचं लिहितो. विमानाची चेक-इन बॅग साधारणपणे २३ किलो, आणि एका नगाला ३२ किलोच्या वर बहुतेक कंपन्या घेतच नाहीत. संपूर्ण खेळ २३ किलोच्या एका बॅगेत आणि पाठीवरच्या एका पिशवीत बसेल असाच रचा. उंच एकचाकी दोन तुकड्यांत सुटणारी घ्या. क्लबांच्या भोवती कपडे गुंडाळा. टेबलाचा वरचा फळा बॅगेच्या तळाच्या मापाचा कापून घ्या, बॅगही ताठ राहते. चाकू चेक-इनमध्ये, सुट्या लिथियम बॅटऱ्या फक्त केबिनमध्ये. १०० वॉट-तासांपर्यंत अडचण नाही, १०० ते १६० ला कंपनीची परवानगी लागते, त्यावर नाही. म्हणूनच ध्वनीमित्र यांनी सांगितलेली ९० ची बॅटरी सोयीची. इंधन कुठल्याच बॅगेत नेता येत नाही, आणि रॉकेलचा वास येणाऱ्या मशालीही अडवल्या जातात. वाती पूर्ण जाळून, दोन-तीन दिवस हवेत ठेवून, हवाबंद पिशवीत घाला. तरीही अडवतील असं धरून महोत्सवाला तिथेच मशाली मिळतील का ते विचारून ठेवा.

व्हिसा : टोपी फिरवणं हे बऱ्याच देशांत कामच धरलं जातं, पर्यटक व्हिसावर चालत नाही. महोत्सवाचं निमंत्रणपत्र आणि योग्य प्रवर्गाची परवानगी आधी मिळवा. महागडं सामान असेल तर एटीए कार्ने हा दस्तऐवज घ्या. व्यावसायिक साधनं सीमाशुल्क न भरता तात्पुरती नेता येतात, मुदत कमाल एक वर्ष. विकायच्या वस्तू त्यात बसत नाहीत. आणि त्रयस्थ व्यक्तीला झालेल्या इजेचा विमा. बरेच महोत्सव त्याशिवाय नाव नोंदवत नाहीत.

प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे. सिअ‍ॅटलच्या पाइक प्लेस बाजारात कलाकारांच्या जागा जमिनीवर रंगवलेल्या संगीताच्या चिन्हांनी दाखवलेल्या आहेत आणि ध्वनिवर्धकाला मनाई आहे. माइकवर बेतलेला खेळ तिथे उभाच राहत नाही. एडिंबरा फ्रिंजसारख्या १९४७ पासून चालत आलेल्या महोत्सवात वेळा वाटून दिल्या जातात, त्यामुळे ठरलेल्या मिनिटाला गोल मोडावा लागतो. वेळ ओलांडणाऱ्याला पुढच्या कलाकाराचा रोष पत्करावा लागतो, आणि तो रास्तच असतो.

आयोजकाला पाठवायच्या कागदावर हे हवं : सपाट जागा ६ बाय ६ मीटर, वर ५ मीटर मोकळं, सामान उतरवायला गाडी कुठवर येते, सावलीची खोली, पिण्याचं पाणी, पावसात पर्यायी जागा, दिवसाला कमाल खेळ (तीन, फारच झालं तर चार), आणि मानधन ठरलेलं आहे की फक्त टोपी. शेवटचं लेखी घ्या. "टोपी चांगली होते" हे मानधन नव्हे. प्रवास आणि राहणं आयोजकाकडे असेल तरच नुसत्या टोपीवर जाण्याचा विचार करा.

चौकातली_ताई

तीन खेळांवर +१. डांबर आणि फरशी दुपारी पायाखाली तापते, आणि थकलेल्या हातातून वस्तू पडायला लागतात त्या तिसऱ्या खेळानंतर. दोन खेळांमध्ये दीड तास हवा. सुरुवातीला दहा मिनिटं मनगटं, खांदे, घोटे आणि आवाज मोकळा करा, गार पाण्याऐवजी कोमट प्या.

नवा_भिडू

सगळ्यांचे आभार. एक शंका राहिली. हाच खेळ बंद सभागृहात वेळ ठरवून करायचा झाला तर काय काढायचं?

रिंगणवाला

गर्दी जमवणं आणि टोपीचं भाषण दोन्ही काढा, की चाळीसचे पंचवीस होतात. विविध कार्यक्रमांच्या रात्री सात ते दहा मिनिटंच मिळतात. तेव्हा एकच करामत घ्या आणि पहिल्या वीस सेकंदांत ती सुरू करा, कारण इथे लोकांना थांबवायचं नसतं, ते बसलेलेच आहेत. रस्त्यावरच्या सवयीने ओरडून बोलू नका. छताची उंची आधी मोजा, प्रकाश वरून, समोरून येत असेल तर फेक दिसणार नाही, बाजूच्या दिव्यांची मागणी करा. संगीत ठरलेल्या लांबीचं असेल तर वस्तू पडल्यावर सावरायला त्यात आठ-दहा सेकंदांची जागा सोडा.

नवा_भिडू

आणि खेळ चालू असताना पाऊस आला तर?

तीन_क्लब

भुरभुर असेल तर मधला भाग सोडून थेट टोपीच्या भाषणावर या, एका मिनिटात आटपा आणि छोटी शेवटची करामत करा. लोक छत्र्या उघडतात, मागच्यांना दिसेनासं होतं, म्हणून पुढच्यांना आधी बसवा. ओल्या फरशीवर एकचाकी नाही, ओल्या क्लबांना मुठीजवळ कापडी पट्टी गुंडाळलेली असेल तर पकड राहते. जोराचा आला तर आधी ध्वनीचं खोकं झाका, मग बॅटरीची वायर काढा, मग बाकीचं. ओली दोरी रात्री पसरून वाळवा, गुंडाळून ठेवली तर दोन दिवसांत कुजका वास धरते.

ध्वनीमित्र

खोक्यासाठी जाड प्लॅस्टिकचं आवरण पुढून उघडं शिवून घ्या, खेळ चालू असतानाही घालून ठेवता येतं. पावसात भिजलेला माइक लगेच चालू करून बघू नका. बॅटरी काढा आणि एक रात्र कोरड्या जागी राहू द्या.